परभाषेतील ओघ आणि सहजता

मातृभाषेखेरीज अन्य भाषा बोलताना विचारापाठोपाठ शब्द विनासायास येणे म्हणजे परभाषेतील ओघ. आणि त्या शब्दांची निवड, क्रम, लय व उच्चार त्या भाषेच्या भाषकांना स्वाभाविक वाटणे म्हणजे परभाषेतील सहजता. उपयोजित भाषाविज्ञान, मानसभाषाविज्ञान आणि भाषाध्यापनशास्त्र या तिन्ही शाखांमध्ये या विषयाचा अभ्यास होतो. व्यवहारात ओघ म्हणजे वेग आणि सहजता म्हणजे त्या देशातील लोकांच्या उच्चारांची हुबेहूब नक्कल, असा समज रूढ आहे. संशोधनाने मात्र या दोन्ही समजुतींना छेद दिला आहे. योग्य जागी थांबणे, तयार शब्दबंधांचा साठा असणे आणि ऐकणाऱ्याला समजेल असे बोलणे या गोष्टी वेगापेक्षा व नकलेपेक्षा अधिक महत्त्वाच्या ठरतात.

संज्ञा व व्याप्ती

‘ओघ’ या संज्ञेचे दोन अर्थ प्रचलित आहेत. ‘तिला जर्मन अस्खलित येते’ असे म्हणताना भाषेवरील एकंदर प्रभुत्व अभिप्रेत असते. हा व्यापक अर्थ होय. संशोधक ही संज्ञा संकुचित अर्थाने वापरतात. बोलण्याची गती, विरामांची संख्या व जागा, पुनरुक्ती आणि मध्येच वाक्य मोडून केलेल्या दुरुस्त्या, एवढ्यापुरताच ओघ ते मोजतात. या अर्थाने एखादी व्यक्ती ओघवती पण अशुद्ध बोलू शकते, तर दुसरी शुद्ध पण अडखळत बोलू शकते.

अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ चार्ल्स फिलमोर यांनी १९७९ मध्ये ओघाचे चार प्रकार सांगितले. फारसे न थांबता दीर्घकाळ बोलता येणे, सुसंगत व आशयघन वाक्ये रचता येणे, निरनिराळ्या प्रसंगी काय बोलावे ते सुचणे आणि भाषेचा कल्पक वापर करता येणे, असे ते चार प्रकार होत. फिलमोर यांचे विवेचन मातृभाषकांबद्दलचे होते, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. मातृभाषेतही सर्वजण सारखे ओघवते बोलत नाहीत. मितभाषी स्वभाव, विषयाचे अज्ञान किंवा सभेची भीती यांमुळे बोलण्यात येणारे अडथळे भाषेच्या अज्ञानाचे लक्षण नसतात.

ओघामागील प्रक्रिया

डच मानसभाषाशास्त्रज्ञ विलेम लेव्हेल्ट यांनी १९८९ मध्ये मांडलेल्या प्रारूपानुसार बोलण्याच्या क्रियेत तीन टप्पे असतात. प्रथम आशय ठरतो, मग त्याला शब्द व व्याकरणिक रचना मिळते आणि शेवटी उच्चारण घडते. मातृभाषेत दुसरा व तिसरा टप्पा बहुतांशी आपोआप पार पडतो. लक्ष केवळ आशयावर राहते. परभाषेत प्रत्येक शब्द, लिंग, काळ आणि उच्चार यांकडे जाणीवपूर्वक लक्ष द्यावे लागते. लक्ष देण्याची क्षमता मर्यादित असल्यामुळे आशय मागे पडतो व बोलणे तुटते. मातृभाषेत वाक्य तयार करून त्याचे मनातल्या मनात भाषांतर करण्याची सवय असल्यास हा भार आणखी वाढतो.

संभाषणात तर वेळही फार थोडा मिळतो. जगातील दहा भाषांच्या २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनात्मक अभ्यासात, एकाचे बोलणे संपून दुसऱ्याचे उत्तर सुरू होण्यातील अंतर सरासरी सुमारे एक-पंचमांश सेकंद आढळले. एखाद्या चित्राचे नाव उच्चारण्याची मनातील तयारी होण्यासही याहून अधिक वेळ लागतो. याचा अर्थ असा की, समोरची व्यक्ती बोलत असतानाच श्रोता तिचे वाक्य कोठे संपणार याचा अंदाज घेऊन उत्तराची जुळवाजुळव करत असतो. परभाषेत ऐकणे व जुळवणे एकाच वेळी साधत नाही. त्यामुळे शिकणाऱ्याचे उत्तर तयार होईपर्यंत गप्पांचा विषय पुढे गेलेला असतो. वर्गात चांगली उत्तरे देणारा विद्यार्थी मित्रमंडळीत गप्प बसतो, त्याचे एक कारण हे आहे.

विराम हा ओघातील दोष नव्हे. मातृभाषकही वारंवार थांबतात. परंतु त्यांचे विराम बहुधा वाक्याच्या किंवा उपवाक्याच्या सीमेवर येतात. परभाषकाचे विराम उपवाक्याच्या मध्येच, नेमका शब्द शोधताना येतात आणि म्हणून ते ऐकणाऱ्याला खटकतात. विराम भरून काढण्याचे शब्दही भाषेगणिक वेगळे असतात. मराठीत ‘म्हणजे’, ‘आपलं’, ‘काय झालं’, जपानीत ‘एतो’ व ‘आनो’, तर इंग्रजीत ‘वेल’ व ‘यू नो’ हे शब्द बोलणाऱ्याला विचारासाठी अवसर देतात आणि आपली पाळी अद्याप संपलेली नाही, हेही सुचवतात. पाठ्यपुस्तकांत सहसा न आढळणारे हे शब्द शिकल्याने बोलणे लक्षणीयरीत्या स्वाभाविक वाटू लागते.

सहजतेचे घटक

तयार शब्दबंध

अँड्र्यू पॉली व फ्रान्सिस सायडर यांनी १९८३ मधील एका निबंधात एक कोडे मांडले. व्याकरणाच्या नियमांनी असंख्य शुद्ध वाक्ये तयार होतात. पण त्यांपैकी थोडीच मातृभाषकांच्या तोंडी असतात. ती नेमकी कोणती, हे त्यांना कसे कळते? त्यांच्या मते, प्रत्येक भाषकाच्या स्मरणात हजारो अखंड किंवा अर्धवट तयार शब्दबंध साठवलेले असतात. बोलताना तो शब्दांऐवजी असे बंधच जोडत जातो. सहजता आणि ओघ या दोहोंचे मूळ या साठ्यात आहे.

मराठीत परीक्षा ‘देतात’, शपथ ‘घेतात’, पैज ‘लावतात’ आणि हाक ‘मारतात’. यांतील क्रियापदे अर्थावरून ठरवता येत नाहीत. ती त्या नामासोबतच शिकावी लागतात. ‘परीक्षा देणे’ याचे इंग्रजीत शब्दशः भाषांतर केल्यास अर्थ उलटतो. इंग्रजीत विद्यार्थी परीक्षा ‘टेक’ करतो. ‘गिव्ह’ करणारा शिक्षक असतो. ‘आज सकाळी’ यासाठी ‘टुडे मॉर्निंग’ म्हणणारा वक्ता समजतो खरा, पण ब्रिटिश श्रोत्याला तेथे ‘धिस मॉर्निंग’ अपेक्षित असते.

लय, आघात व सूर

प्रत्येक भाषेला स्वतःची लय असते. इंग्रजीत काही अक्षरांवर जोरदार आघात येतो आणि उरलेली अक्षरे आखूड व अस्पष्ट होतात. ‘फोटोग्राफ’ या शब्दात आघात पहिल्या अक्षरावर, छायाचित्रकार या अर्थाच्या ‘फोटोग्राफर’मध्ये दुसऱ्या अक्षरावर, तर ‘फोटोग्राफिक’मध्ये तिसऱ्या अक्षरावर असतो आणि त्यानुसार स्वरही बदलतात. फ्रेंचमध्ये आघात शब्दाऐवजी शब्दसमूहाच्या अखेरीस येतो, तसेच लगतचे शब्द जोडून उच्चारले जातात. ‘मित्र’ या अर्थाच्या अनेकवचनी ‘ले’ व ‘आमी’ या दोन शब्दांचा उच्चार ‘लेझामी’ असा होतो. जपानीत सुराच्या चढउतारावरून ‘हाशि’ या शब्दाचे ‘पूल’ व ‘जेवणाच्या काड्या’ असे भिन्न अर्थ होतात. सुटे ध्वनी अचूक असूनही लय चुकल्यास वाक्य कळण्यास अडचण येते.

निपात व प्रतिसाद

वाक्याचा रोख बदलणारे छोटे शब्द बोलण्याला जिवंतपणा देतात. मराठीतील ‘च’, ‘तर’, ‘की’, ‘ना’, ‘बरं का’ यांचा अर्थ शब्दकोशात देणे अवघड असते. जर्मनमध्ये ‘दोख’, ‘माल’, ‘या’, ‘हाल्ट’ हे शब्द असेच काम करतात. ‘इकडे ये’ आणि ‘ये बरं इकडे’ यांत जो फरक आहे, तसाच फरक जर्मनमध्ये ‘माल’ या शब्दाने पडतो. जपानी वाक्याच्या शेवटी येणारा ‘ने’ मराठीतील ‘ना’ची आठवण करून देतो. ऐकतानाचे प्रतिसादही महत्त्वाचे असतात. जपानीत हुंकारवजा प्रतिसाद वारंवार देण्याचा संकेत असून, ते न देणारा श्रोता लक्ष देत नाही, असा ग्रह होऊ शकतो.

सामाजिक संकेत

काय बोलावे याइतकेच ते कोणाला, कोठे आणि कसे बोलावे हे महत्त्वाचे असते. अमेरिकन मानवशास्त्रज्ञ व भाषाशास्त्रज्ञ डेल हाइम्झ यांनी या ज्ञानाला संप्रेषणक्षमता असे नाव दिले. मराठीत घरच्या माणसांना पदोपदी धन्यवाद देण्याची रीत नाही. विनंतीतील मार्दव ‘जरा’, ‘ना’, ‘देशील का’ अशा रूपांतून व्यक्त होते. हीच वाक्ये केवळ शब्दशः इंग्रजीत नेली की मार्दव गळून पडते आणि विनंती हुकूम वाटू लागते. व्याकरणाच्या चुकीकडे श्रोते परभाषक म्हणून काणाडोळा करतात. संकेताची चूक मात्र उद्धटपणा मानली जाण्याचा धोका असतो.

मराठी भाषक आणि परभाषा

मातृभाषेच्या सवयी परभाषेत उतरतात. त्यांतील काही उपकारक, तर काही अडथळा आणणाऱ्या असतात.

मराठी भाषकाच्या इंग्रजी उच्चारात इंग्रजीतील दोन वेगळ्या ध्वनींसाठी एकच ‘व’ वापरला जातो. दातांत जीभ धरून उच्चारायच्या घर्षक ध्वनींच्या जागी ‘थ’ व ‘द’ येतात आणि दंतमूलीय ध्वनींची जागा मूर्धन्य ‘ट’ व ‘ड’ घेतात. बोलीभाषेत ऱ्हस्व-दीर्घ भेद अर्थ बदलण्याइतका महत्त्वाचा नसल्यामुळे ‘शिप’ व ‘शीप’ यांतील फरक पुसट होतो. इंग्रजी शब्दारंभीच्या आघातयुक्त ‘प’मध्ये महाप्राणाची छटा असते, मराठी ‘प’ अल्पप्राण असल्याने ब्रिटिश श्रोत्याला तो क्वचित ‘ब’सारखा ऐकू येतो. मराठीत महाप्राण ध्वनी स्वतंत्रपणे उपलब्ध असूनही लेखनाच्या प्रभावामुळे त्यांचा येथे उपयोग केला जात नाही.

जर्मनमध्ये गौण उपवाक्यातील क्रियापद शेवटी जाते. क्रियापद शेवटी ठेवण्याची सवय असलेल्या मराठी भाषकाला ही रचना परकी वाटत नाही; जर्मन मुख्य वाक्यातील दुसऱ्या स्थानाचे क्रियापदच त्याची अधिक परीक्षा पाहते. शब्दान्ती घोष व्यंजनांचा अघोष उच्चार होणे हे जर्मनचे वैशिष्ट्य आहे. चाक या अर्थाचा ‘राड’ हा शब्द ‘राट’ असाच उच्चारला जातो. जपानीचा कर्ता-कर्म-क्रियापद हा क्रम आणि नामानंतर येणारे संबंधदर्शक शब्द मराठीशी जुळतात. ‘किते’ म्हणजे ‘ये’ आणि ‘कित्ते’ म्हणजे टपालाचे तिकीट, हा भेद ‘पता’ व ‘पत्ता’ यांतील फरक जाणणाऱ्यास सहज ऐकू येतो. फ्रेंचमधील अनुनासिक स्वर आजच्या प्रमाण मराठीत नाहीत. कोकणीत मात्र असे स्वर टिकून आहेत.

मराठी शिकणारे परभाषक

याच बाबी उलट दिशेनेही दिसतात. सोळाव्या शतकात गोव्यात आलेले इंग्रज जेझुइट थॉमस स्टीफन्स यांनी मराठीत ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराण’ रचले व ते १६१६ मध्ये प्रसिद्ध झाले. परभाषकाने मराठीवर मिळवलेल्या प्रभुत्वाचे ते ठळक उदाहरण मानले जाते.

आजच्या विद्यार्थ्याला ‘ळ’ हा ध्वनी, तसेच ‘च’ व ‘ज’ यांचे दुहेरी उच्चार कठीण जातात. दुनिया या अर्थाचा ‘जग’ आणि ‘जगणे’ या क्रियापदाचे आज्ञार्थी रूप ‘जग’ यांचे लेखन एकच असले, तरी उच्चार भिन्न आहेत. ‘आम्ही’ व ‘आपण’ यांतील भेद अनेक भाषांत नाही. श्रोत्याला बरोबर नेण्याच्या हेतूने ‘आम्ही जेवायला जाऊ’ म्हटल्यास तो नेमका वगळला जातो. ‘मला भूक लागली’ या वाक्यात भूक हा कर्ता असतो, हे स्वीकारण्यास वेळ लागतो. त्याहूनही सूक्ष्म संकेत निरोपाचा आहे. घरातून निघताना ‘जातो’ हे व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. पण रीत ‘येतो’ म्हणण्याची आहे. नारळ ‘फोडण्या’ऐवजी ‘वाढवणे’ हाही असाच संकेत होय. अशा प्रयोगांमागील शुभाशुभाची कल्पना ठाऊक असल्याशिवाय ते तर्काने साधत नाहीत.

अध्यापनाचा इतिहास

एकोणिसाव्या शतकात युरोपात परभाषा प्रामुख्याने व्याकरण व भाषांतर या मार्गाने शिकवल्या जात. ग्रीक व लॅटिन ग्रंथांच्या वाचनासाठी घडलेली ही पद्धती जिवंत भाषांनाही लावली गेली. महाराष्ट्रातही अनेक पिढ्यांनी तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेच्या आधारे इंग्रजी आत्मसात केले. या पद्धतीने वाचन व लेखन पक्के होई. संभाषण मात्र उपेक्षित राही.

या परंपरेविरुद्ध जर्मन अभ्यासक विल्हेल्म फिएटोर यांनी १८८२ मध्ये भाषाध्यापनात आमूलाग्र बदलाची हाक देणारी पुस्तिका लिहिली. बोलभाषेला प्राधान्य आणि ध्वनिविज्ञानाचा आधार ही या सुधारणा चळवळीची सूत्रे होती. १८८६ मध्ये पॅरिस येथे पॉल पासी यांच्या पुढाकाराने आंतरराष्ट्रीय ध्वनिविज्ञान संघटनेची स्थापना झाली. इंग्लंडमध्ये हेन्री स्वीट यांनी १८९९ मध्ये भाषांच्या व्यावहारिक अभ्यासावरील ग्रंथ प्रसिद्ध केला. मातृभाषा टाळून थेट परभाषेतच शिकवणारी प्रत्यक्ष पद्धती याच काळात बर्लिट्झ यांच्या शाळांमधून लोकप्रिय झाली.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत सैनिकांसाठी तोंडी सरावावर भर देणारे वर्ग चालवण्यात आले. त्यानंतर ध्वनिफितींवरील नमुनावाक्ये सतत गिरवण्याची श्रवण-भाषण पद्धती रूढ झाली. भाषा म्हणजे केवळ सवयींचा समूह या तिच्या गृहीतकावर नोम चॉम्स्की यांच्या १९५९ मधील टीकेने आघात केला. १९७० च्या दशकापासून संप्रेषणकेंद्री अध्यापन पुढे आले. भारतात एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिणेतील शाळांमध्ये राबवलेला ‘बंगळूर प्रकल्प’ जागतिक पातळीवर अभ्यासला गेला. विद्यार्थ्यांना नकाशे, वेळापत्रके यांवरील कोडी सोडवायला देऊन त्या ओघात भाषा अवगत व्हावी, हे त्याचे सूत्र होते.

अभ्यासाचे मार्ग

ओघ व सहजता वाढवण्यासाठी पुढील मार्ग प्रचलित आहेत.

विपुल श्रवण : स्टीफन क्रॅशन यांच्या मते, सध्याच्या पातळीहून किंचित वरची, पण अर्थ कळेल अशी भाषा भरपूर ऐकणे व वाचणे हा भाषा अवगत होण्याचा मुख्य मार्ग आहे. कॅनडातील फ्रेंच माध्यमाच्या वर्गांचा अभ्यास करून मेरिल स्वेन यांनी १९८५ मध्ये या मताला पुरवणी जोडली. वर्षानुवर्षे फ्रेंच ऐकूनही तेथील मुलांच्या बोलण्यात उणिवा राहिल्या होत्या. स्वतः बोलण्याची गरज पडल्याखेरीज आपल्याला काय येत नाही हेच कळत नाही, असे त्यांनी प्रतिपादले.

छायानुकरण : ध्वनिमुद्रण ऐकत असतानाच, क्षणभराच्या अंतराने वक्त्यामागोमाग तेच शब्द त्याच लयीत उच्चारणे. दुभाष्यांच्या प्रशिक्षणात वापरला जाणारा हा सराव जपानमध्ये इंग्रजीच्या अध्यापनातही रूढ झाला आहे. संथा घेताना गुरूचे म्हणणे संपल्यावर शिष्य म्हणतो. येथे मात्र ऐकणे व म्हणणे समांतर चालते.

चार-तीन-दोन पद्धती : एकाच विषयावर प्रथम चार, मग तीन आणि शेवटी दोन मिनिटे, दर वेळी नव्या श्रोत्यापुढे बोलणे. १९८३ मध्ये कीथ मॉरिस यांनी मांडलेला हा उपक्रम पॉल नेशन यांनी पुढे अभ्यासला. आशय ठरलेला असल्याने लक्ष मांडणीकडे वळते आणि वेळेच्या मर्यादेमुळे गती वाढते.

शब्दबंधांची टिपणवही : सुटे शब्द व त्यांचे मराठी अर्थ लिहिण्याऐवजी संपूर्ण वाक्प्रयोग, तो कोणी कोणाला उद्देशून केला या माहितीसह टिपणे.

ध्वनिमुद्रण व तुलना : स्वतःचे बोलणे मुद्रित करून मूळ नमुन्याशी ताडून पाहणे. रिचर्ड श्मिट यांच्या १९९० मधील प्रतिपादनानुसार, जे लक्षात येते तेच शिकले जाते. त्यामुळे स्वतःची लकब कानावर पडणे, ही सुधारणेची पहिली पायरी ठरते.

वयाचा प्रश्न

लहान वयात भाषा शिकणाऱ्यांचे उच्चार मातृभाषकांसारखे होण्याची शक्यता अधिक असते. एरिक लेनेबर्ग यांनी १९६७ मध्ये भाषाग्रहणाचा निर्णायक काळ पौगंडावस्थेपर्यंत असतो, असे मत मांडले. या काळाची नेमकी मर्यादा आणि त्याची कारणे यांविषयी मतभेद आहेत. प्रौढपणी शिकणाऱ्यांच्या काही चुका कायम राहतात. या अवस्थेला लॅरी सेलिंकर यांनी १९७२ मध्ये अश्मीभवन असे नाव दिले.

तथापि भाषेचे सर्व घटक वयाला सारखेच बांधलेले नसतात. जन्माने पोलिश असलेले जोसेफ कॉनरॅड यांनी विशीनंतर इंग्रजी आत्मसात केले आणि ते इंग्रजीतील अग्रगण्य कादंबरीकार झाले; त्यांचे इंग्रजी उच्चार मात्र अखेरपर्यंत परके राहिले. शब्दसंपत्ती, शब्दबंध व संकेत यांची वाढ प्रौढ वयातही होत राहते.

मूल्यमापन

युरोप परिषदेच्या २००१ मधील भाषाविषयक सामायिक चौकटीत सहा पातळ्या आहेत आणि त्यांच्या वर्णनांत ओघाचा स्वतंत्र विचार केलेला आहे. २०१८ मधील पूरक खंडात उच्चारांची मापनश्रेणी नव्याने लिहिण्यात आली. मातृभाषकासारखा उच्चार हे ध्येय बाजूला ठेवून सुबोधतेला प्राधान्य देण्यात आले. आयईएलटीएस या इंग्रजी परीक्षेच्या संभाषण विभागात ओघ व सुसंगती, शब्दसंपत्ती, व्याकरण आणि उच्चार या चार निकषांना समान महत्त्व असते.

उच्चारभेद, सुबोधता आणि पूर्वग्रह

मरे मन्रो व ट्रेसी डर्विंग यांनी १९९५ मध्ये तीन गोष्टी वेगळ्या मोजल्या : उच्चार किती परका वाटतो, ऐकताना किती श्रम पडतात आणि प्रत्यक्षात किती समजते. उच्चार अतिशय परका वाटूनही बोलणे पूर्णपणे समजू शकते, असे त्यांना आढळले. जेनिफर जेन्किन्स यांनी २००० मध्ये, ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही अशा लोकांच्या आपसांतील इंग्रजी संभाषणासाठी कोणते उच्चार आवश्यक आणि कोणते ऐच्छिक आहेत, याची मांडणी केली. ब्रज काचरू यांनी भारतीय इंग्रजीकडे चुकांचा संग्रह म्हणून न पाहता इंग्रजीचे एक स्वतंत्र रूप म्हणून पाहावे, असा आग्रह धरला.

ऐकणाऱ्याची वृत्तीही निर्णायक असते. अमेरिकेत डोनाल्ड रुबिन यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात एकाच वक्त्याचे ध्वनिमुद्रण विद्यार्थ्यांना ऐकवले. काहींना गोऱ्या, तर काहींना आशियाई चेहऱ्याचे छायाचित्र दाखवले. आशियाई चेहरा पाहणाऱ्यांना तेच व्याख्यान कमी समजले. २०१० मधील एका अभ्यासात, परक्या उच्चारात सांगितलेली साधी विधाने श्रोत्यांना कमी विश्वसनीय वाटल्याचे दिसून आले. नोकरीची मुलाखत, न्यायालयातील साक्ष, घर भाड्याने मिळवणे अशा प्रसंगी याचे परिणाम गंभीर होऊ शकतात.

२००० नंतरच्या दशकात भारतातील कॉल सेंटरांमध्ये कर्मचाऱ्यांचे भारतीय उच्चार सौम्य करण्याचे प्रशिक्षण दिले जाई आणि अनेकांना पाश्चात्त्य नावे घेऊन बोलावे लागे. रोजगारासाठी मिळणारे कौशल्य म्हणून काहींनी त्याचे स्वागत केले, तर स्वतःची ओळख पुसण्याची सक्ती म्हणून काहींनी त्यावर टीका केली. समजेल असे बोलण्याची जबाबदारी केवळ बोलणाऱ्याची नसून ऐकणाऱ्याचीही आहे, असा विचार या चर्चेतून पुढे आला आहे. निरनिराळ्या उच्चारांची सवय झाल्यावर श्रोत्यांचे आकलन सुधारते, हेही प्रयोगांतून दिसले आहे.

हे सुद्धा पहा

उपयोजित भाषाविज्ञान
ध्वनिविज्ञान
द्वैभाषिकता
भारतीय इंग्रजी
प्रमाणभाषा आणि बोली